आतून कडी

धाकट्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि त्याच्या खोलीचं काय करायचं यावर घरात चर्चा बसली. बसली म्हणजे अक्षरशः माझ्या पलंगावर बसली. माझा पलंग हॉलमध्ये आहे. दिवसा त्यावर अख्खं घर बसतं, बॅगा फेकल्या जातात, ओले टॉवेल पडतात, चहा सांडतो, आणि सगळे उठून आपापल्या खोल्यांत गेले की मग तो माझा होतो. मी शेजारीच जमिनीवर बसून कुणाच्या तरी मोठ्या खिडकीच्या पडद्याची दुमड टाचत होते. तोंडात टाचण्या होत्या. काम करताना ओठांत टाचण्या धरायची माझी जुनी सवय. आमच्या घरातले बरेचसे निर्णय माझ्या तोंडात टाचण्या असतानाच झालेत.

"मी तिथे ऑफिस करतो," थोरला म्हणाला. तो विमा कंपनीत आहे, निम्मे दिवस घरूनच काम करतो आणि फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतो की मला शिलाई मशीन थांबवावं लागतं. "बेडरूममध्ये बसून काम करायचं म्हणजे मागे वाळत घातलेले कपडे दिसतात लोकांना."

"मग कपडे उचल की," मधली म्हणाली. मधली म्हणजे माझी लेक. लग्न होऊन पलीकडच्याच गल्लीत राहते, पण दवाखान्यातली ड्यूटी संपली की आधी इकडे येऊन अंग टाकते, चहा पिते आणि मगच आपल्या घरी जाते. "मला नको का माहेरी घटकाभर आडवं व्हायला एक जागा? दिवसभर पायांचे तुकडे पडतात माझ्या."

"इस्त्रीचं टेबल तरी कायमचं उघडं ठेवता येईल," सून म्हणाली. सून कमी बोलते. बोलते तेव्हा इस्त्री, गिझर, गॅस असल्या विषयांवर बोलते.

"ए, मी मेलो नाहीये अजून," धाकटा बॅग भरता भरता आतून ओरडला. "सुट्टीत येणार आहे मी. आहे तशी ठेवा खोली."

"आई, तुला काय वाटतं गं?" थोरल्यानं विचारलं, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून उठून गॅलरीत गेला.

मी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचल्या. थोरला परत येईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "ती खोली मला हवी आहे."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मशीनच बोललं.

"तुला?" मधली म्हणाली. "तुला कशाला? तुला तर हॉलच आवडतो."

आता हे हॉल आवडण्याचं प्रकरण सांगायलाच हवं. हे होते तेव्हा मोठी खोली आमची होती. हे गेले, पुढे थोरल्याचं लग्न ठरलं, आणि नवी नवरी घरात येणार तर तिला निजायला खोली हवीच. छोट्या खोलीत धाकटा अभ्यास करत होता. थोरला माझ्यासमोर नुसता बोटं मोडत उभा राहिला, त्याला विचारता येईना. पोराची ती अवस्था मला बघवली नाही म्हणून मी म्हटलं, "अरे, मी झोपेन हॉलमध्ये. मला हॉलच बरा वाटतो, वारा लागतो." झालं. माणूस वेळ निभावून न्यायला काहीतरी बोलतो, आणि ही पोरं कोर्टाचा निकाल असल्यासारखं ते जपून ठेवतात. पाहुण्यांना सुद्धा कौतुकानं सांगतात, आमच्या आईला हॉलच लागतो बरं का, आत तिला गुदमरतं.

मला आत कधीच गुदमरलं नाही. मला हॉलमध्ये गुदमरतं. सकाळी जो पहिला उठतो तो माझ्या डोक्यावरचा दिवा लावतो. जो शेवटी झोपतो तो माझ्या पायाशी बसून टीव्ही बघतो आणि म्हणतो, "तू झोप गं आई, मी आवाज बारीक केलाय." माझ्या कपड्यांचं कपाट अजून मोठ्या खोलीत आहे, म्हणजे अंगावरचे कपडे बदलायला मला आधी लेकाच्या दारावर टकटक करावी लागते आणि मग ते हातात घेऊन बाथरूममध्ये जावं लागतं. रडायचं असलं तरी बाथरूमच, तेही नळ सोडून. आणि बेल वाजली की उठायचं मी. कुणीही, कधीही येवो, दार उघडते मी. तिघांनाही किल्ल्या करून दिल्या होत्या, तिघांनीही हरवल्या. पुन्हा करा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "कशाला? तू असतेसच की." घरात काही अडलं, सांडलं, बिघडलं, की सगळ्यांच्या आधी माझ्या तोंडून निघतं, "थांबा, मी बघते." इतकं अंगवळणी पडलंय की परवा बसमध्ये कुणाचं तरी पोर रडायला लागलं तेव्हाही मी "थांबा, मी बघते" म्हणून उठले होते.

आणि धंदा काय, तर लोकांच्या झोपायच्या खोल्यांचे पडदे शिवायचा! पडद्यांच्या दुकानातून कापड घरी येतं, मी शिवून देते, मापं घ्यायलाही मीच जाते. बायका मला त्यांच्या खोल्यांत नेतात आणि सांगतात, चांगलं जाड कापड लावा हं, आत पूर्ण अंधार झाला पाहिजे, दुपारी मी दार लावून पडते. मी हो हो म्हणत टेप लावते. खरं सांगू? कुणाच्या दागिन्यांचा मला आयुष्यात हेवा वाटला नाही. या बायकांच्या दाराला आतून असलेल्या कडीचा वाटला.

तर मी खोली मागितली.

"अगं, पण दार कोण उघडणार?" थोरल्यानं विचारलं. चेष्टेनं नाही, अगदी काळजीनं विचारलं. "छोटी खोली पार त्या टोकाला. तुला बेल ऐकू यायची नाही."

"ज्याला ऐकू येईल तो उघडेल," मी म्हटलं.

आतून धाकटाच म्हणाला, "दे ना रे दादा तिला, मी येईपर्यंत राहील." म्हणजे खोली मिळाली, पण तीसुद्धा राखण केल्यासारखी. मी म्हटलं, असू दे. मिळतेय तशी घ्यावी, तोंड उघडलं तर ऑफिस होईल तिचं.

धाकटा गेला. त्याला निरोप देऊन आले तशी त्याच्या खोलीत जाऊन कॉटवर बसले आणि थोडं रडले. पोर गेलं म्हणून रडले आणि खोली मिळाली म्हणूनही रडले, आता त्यातलं कुठलं किती ते मला विचारू नका. त्याच्या उशाशी कानात घालायचे पिवळे मऊ बोळे पडले होते. अभ्यासाच्या वेळी घालायचा तो. हा मुलगा या खोलीला आतून कडी लावून तासन्‌तास पडून असायचा. जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. आणि सगळं घर चवड्यांवर चालायचं. "हळू, झोपलाय तो, उठवू नका." मीच सगळ्यांना दटावायची. बोळे टाकून द्यायचा जीव होईना, म्हणून खिडकीत ठेवले.

खोलीला पडदा नव्हता, नुसतं वर्तमानपत्र चिकटवलेलं. दुकानात एक निळ्या कापडाचा तुकडा कुणी न नेल्यामुळे पडून होता. जाड, दुपदरी, उन्हाला अजिबात दाद न देणारा. तो मागून आणला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या खिडकीचं माप घेतलं. चुण्या मोकळ्या हातानं घातल्या, गिऱ्हाइकासाठी घालते त्याहून जास्त. दांडी मीच बसवली. मग लांब उभी राहून बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

पण खोली हातात राहिली असती तर! आधी सून इस्त्रीचं टेबल घेऊन आली. "दाराआड ठेवते आई, तुमच्या पायात येणार नाही." मग थोरल्याचा प्रिंटर आला, कारण त्याला म्हणे धुळीचा त्रास होतो, हॉलमध्ये पडद्यांचे दोरे उडतात. मग मधलीची एक सूटकेस आली, तिच्या घरी कपाटात जागा नाही म्हणून. आणि माणसं तर येतच होती. दार ढकलून सरळ आत. "आई, चार्जर बघितलास?" "आई, हे बटण लावून दे, निघायचंय मला." "आई, काय करतेयस?" प्रिंटरमधून कागद यायला लागला की थोरला धावत यायचा आणि मी कपडे बदलत असले तर "सॉरी सॉरी" म्हणून पाठ फिरवून कागद घेऊन जायचा. म्हणजे पूर्वी मी हॉलमध्ये राहायची, आता हॉल माझ्या मागे मागे खोलीत राहायला आला होता.

थकवा किती असावा माणसाला? मी त्याबद्दल कधी फारसं बोलत नाही, कारण बोललं की मधली लगेच दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघते आणि म्हणते, नॉर्मल आहे. नॉर्मल असेलही. पण माझी हाडं दमली होती. कुणी प्रेमानं "जेवलीस का" विचारलं तरी त्याला उत्तर द्यायचा कंटाळा येत होता, आणि मग त्या कंटाळ्याचीच लाज वाटायची. पोरं वाईट नाहीत माझी. कुणी उलटून बोलत नाही, कुणाला व्यसन नाही. फक्त त्यांना घरात भिंती कुठे संपतात आणि आई कुठे सुरू होते, हे कधी कळलेलं नाही.

मग तो रविवार आला. एका मोठ्या घराचे सगळे पडदे शिवून सकाळीच दुकानात पोचवले होते. दुपारची जेवणं झाली, ओटा पुसला. थोरला टीव्हीसमोर, सून फोनवर आईशी बोलत, मधली माझ्या जुन्या पलंगावर लोळत. मी हात पुसले, खोलीत गेले, दार लावलं. आणि हात आपोआप वर गेला आणि मी कडी सरकवली.

किती छान आवाज असतो तो! लहानसाच, पण सगळं बाहेर राहतं. मी निळा पडदा ओढला. खोलीत थंड अंधार झाला. धाकट्याचे बोळे दिसले, म्हटलं बघू तरी काय असतं हे, आणि घातले कानात. टीव्ही गेला, रस्ता गेला, थोरल्याचा खोकला गेला. कॉटवर पडले आणि पाय मोकळे सोडले. कुणी येणार नाही, हे अंगाला कळायला थोडा वेळ लागला. खांदे आधी ऐकेचनात. मग ते ऐकले, आणि मग मी जी झोपले, ती लहानपणी झोपत असेन तशी झोपले.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही, सुनेनं नंतर सांगितलं तसं सांगते.

मधलीला चहा करायचा होता. साखर सापडेना. साखर गेली कित्येक वर्षं एकाच फळीवर, एकाच डब्यात आहे, पण तिनं ती बघायच्या आधी "आई, साखर कुठाय गं?" अशी हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक मारली, उत्तर नाही. आमच्या घरात असं कधी घडलेलंच नाही. मी स्वयंपाकघरात असो, गॅलरीत असो, बाथरूममध्ये असो, हाकेला ओ येतेच. ती खोलीशी आली, दार ढकललं. दार उघडेना.

"दादा, आईनं कडी लावलीय!" ती किंचाळली.

थोरला म्हणाला, "आई कडी लावत नाही."

"अरे लावलीय! आतून!"

मग दोघांनी दार बडवलं. माझा फोन लावला, तो हॉलमध्ये मशीनवरच वाजायला लागला. मधलीनं दवाखान्यात काय काय पाहिलेलं असतं, तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं उभं राहिलं. "तिचं हृदय... अरे सकाळपासून ती गप्प होती!" सून म्हणाली, "झोपल्या असतील." तर दोघंही तिच्यावर खेकसले, "आई अशी झोपत नाही!" थोरल्यानं खांदा लावला. एकदा, दोनदा. मग मागे जाऊन पळत आला.

तिथून पुढचं मला माहीत आहे. कानठळ्या बसाव्यात तसा आवाज आला. बोळ्यांतूनही आला. मी डोळे उघडले तर कडी स्क्रूंसकट उपटून जमिनीवर पडली होती, चौकटीचा लाकडी तुकडा तिच्या शेजारी, आणि माझा विमा कंपनीतला थोरला इस्त्रीच्या टेबलासकट खाली आडवा. मधली माझ्या अंगावर झेपावली, मनगट धरलं, पापणी वर केली. काय बोलत होती ते ऐकू येईना. मी कानांतले बोळे काढले.

"...आई! आई, मला ओळखतेस का तू?"

"ओळखते," मी म्हटलं. "काय झालंय? कोण गेलं?"

"जिवंत आहे!" मधली ओरडली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. थोरला खालून उठला, खांदा चोळत कॉटच्या कडेला बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हे गेले त्या दिवशी पडला होता तसा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मधलीच्या पाठीवरून फिरवला. पोरं खरंच घाबरली होती. प्रेम नसतं तर खांदा कशाला मोडून घेतला असता त्यानं?

"कडी का लावलीस?" त्यानं विचारलं.

"झोपायला."

"झोपायला कडी कशाला लागते?"

"तुम्हाला काय हवं होतं?" मी विचारलं. "पहिली हाक कशासाठी मारलीत?"

सून दारातून म्हणाली, "साखर."

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही, नुसतंच येत राहिलं.

संध्याकाळी माझ्या प्रकृतीवर पुन्हा चर्चा बसली. हॉलमध्येच, पलंगावरच. धाकट्याला फोनवर व्हिडिओत बसवलं होतं. निर्णय सगळ्यांनी प्रेमानंच घेतला. थोरला म्हणाला, "कडी आता बसवायचीच नाही. दार नुसतं लोटलेलं असू दे." मधली त्याच्यापुढे गेली, "मी तर म्हणते, तू परत हॉलमध्ये झोप आई. नजरेसमोर राहशील. या वयात आत एकटं नको." आणि फोनमधून धाकटा म्हणाला, "खरंच गं आई, कडी कशाला लावायची?"

तिथे माझं टाळकं सटकलं.

"तू बोलतोस हे?" मी म्हटलं. "सगळी कॉलेजची वर्षं आत कोंडून घेऊन झोपलास तू. तुझं दार कुणी फोडलं? मीच सगळ्यांना सांगायची, हळू बोला, झोपलाय. तू दार लावलंस तर तू झोपलास. आणि मी दार लावलं तर मी मेले?"

फोनमधल्या धाकट्यानं मान खाली घातली, त्याचे नुसते केस दिसायला लागले.

"आई, चिडतेस कशाला, आम्ही काळजीनं..." थोरला म्हणाला.

"माहीत आहे मला काळजीनं. तुमच्या काळजीनंच माझे पाय चेपले जात असते तर बरं झालं असतं. अरे, दमलेय मी. आजारी नाही, दमलेय. मला कुणीही हाक न मारता थोडा वेळ पडायचंय. तेवढंच मागतेय मी. कुणी दार ढकललं तर ते उघडू नये, एवढंच हवंय मला."

मधलीचा ओठ थरथरायला लागला. ती लहानपणापासून अशीच. "म्हणजे आम्ही नकोसे झालो का तुला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. त्याच भीतीनं इतकी वर्षं मी टाचण्या तोंडात धरून बसले होते. पण आता बोलायला लागलेच होते.

"नकोसे झाला असतात तर घराबाहेर गेले असते, बाळा," मी म्हटलं. "मी फक्त खोलीत गेले."

चर्चा संपली असं कुणी म्हटलं नाही. मधली डोळे पुसून तिच्या घरी गेली. जाताना नेहमीसारखी "येते गं" म्हणाली नाही, ते मला लागलं. मी त्या दिवशी दार लोटून झोपले, आणि झोप काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला बाहेर पडले ती आधी हार्डवेअरच्या दुकानात गेले. म्हटलं, दाराची कडी द्या. दुकानदारानं विचारलं, बाथरूमची का? मी म्हटलं, नाही, माझ्या खोलीची. तो काय समजला कोण जाणे, पण त्यानं चांगली जाडजूड पितळी कडी काढून दिली आणि स्क्रू लांब घ्या म्हणाला, जुनी भोकं सोडून जरा वरच्या बाजूला बसवा. घरी आल्यावर पडद्याच्या दांड्या बसवायचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कामाला लागले.

थोरला फोनवर बोलत होता, तो बोलता बोलता येऊन उभा राहिला. त्यानं फोन ठेवला. "आई, अगं मी बोलावतो ना कुणाला तरी."

"तू खांदा सांभाळ," मी म्हटलं.

सून आली. तिनं काही न बोलता कडी दारावर सरळ धरली, मी स्क्रू फिरवत गेले. लाकूड जुनं, मनगट भरून आलं. शेवटचा स्क्रू बसता बसता ती हळूच, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आई, अधनंमधनं एखाद्या दुपारी मला द्याल ही खोली? कडीसकट?"

मी तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी या मुलीला अबोल समजत होते. म्हटलं, "आधी ते इस्त्रीचं टेबल बाहेर ने."

तिनं टेबल नेलं. थोरल्यानं कुणी न सांगता प्रिंटर उचलला. सूटकेस दाराबाहेर ठेवली. एवढ्यात मधलीच्या यायची वेळ होत आली होती. रुसली असेल तर ती येणार नाही आज, असं माझ्या मनात आलं आणि हात थांबले. मला वाटलं, राहू दे, आजचा दिवस चहा ठेवावा, तिची समजूत काढावी, कडी काय उद्याही लावता येईल. मग मला कळलं की हे असे 'उद्या' माझ्याकडे खूप साठलेत.

मी आत गेले. दार लावलं. नवी कडी जरा घट्ट होती, जोर करून सरकवली. पडदा ओढला, कॉटवर आडवी झाले. बोळे घेतले हातात, पण घातले नाहीत. तेवढं धाडस अजून होईना.

दाराबाहेर पायांची चुळबुळ झाली. "आई," थोरला म्हणाला, "बरी आहेस ना? अधूनमधून आवाज देत राहा हं."

"ओ" माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. दारापलीकडे तो थांबला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या लेकराला भीती वाटत होती आणि एका शब्दानं ती गेली असती, आणि तो शब्द मी देत नव्हते. मी हातातले बोळे मुठीत घट्ट दाबून धरले. आवाज दिला नाही. थोड्या वेळानं त्याची पावलं हॉलकडे गेली.

मग बेल वाजली. लांबलचक, बोट न काढता वाजवलेली. मधली! रुसली तरी आली. माझे पाय आपोआप कॉटवरून खाली आले, तळव्यांना फरशी लागली. बेल पुन्हा वाजली. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मला माहीत होतं ते कशाची वाट बघतायत. मी काठावर बसून राहिले, दोन्ही हात गादीत रोवून. मग एकेक करून पाय उचलले आणि परत वर घेतले.

बेल तिसऱ्यांदा वाजली.

"थांबा," बाहेरून थोरल्याचा आवाज आला. "मी बघतो."